सरांचा काढा आणि माझं शून्य

तुम्ही हसाल, पण त्या दिवशी मला वाटलं, माझी पीएचडी चंदीगडातच बुडाली.

आमचा सेन्सर लाळेतलं पॅरासिटामॉल मोजतो. त्याचं शून्य ठरवायला गोळी न घेतलेल्या माणसाची लाळ लागते. आमचे गाईड सर मूळचे साताऱ्याचे, गोळ्यांचे कट्टर वैरी. म्हणाले, "माझी घे. मी फक्त बायकोच्या हातचा काढा पितो. त्यावरच हा गुडघा चालतो."

लाळ टाकली, तर सेन्सरने चक्क पॅरासिटामॉल दाखवलं! सेन्सरची पट्टी बदलली, तरी तेच.

"बिघडवलास ना सेन्सर?" सर कडाडले. "परवा अनुदानवाले येतायत. त्यांना काय दाखवणार?"

बाहेर जाऊन मी सरांच्या घरी फोन लावला. "काकू, सरांनी चुकून एखादी गोळी..."

"चुकून कशाला? डॉक्टरांनी दिलेली मीच कुटून काढ्यात घालते. ह्यांना सांगू नकोस हं, नक्की?"

आता सरांना सांगायचं काय, या धास्तीतच आत आले, तर सरांचा चेहरा उजळलेला.

"अगं, मी स्वतः साधं पाणी टाकून बघितलं, शून्य आलं; तुझा सेन्सर बरोबर आहे! काढ्यातच नैसर्गिक पॅरासिटामॉल असणार. उद्या थर्मास भरून आणतो, मोज!"

मी पुन्हा बाहेर पळाले. "काकू, सर उद्या काढाच तपासायला आणतायत! आता काय करायचं हो?"

काकू म्हणाल्या, "मग थर्मासात दोन घालते. तुझा आकडा कसा झकास आला पाहिजे!"