घाडींच्या परसातली वायर

मंडळी, एक विचारतो, खरं सांगा हं! लेकीशी बोलायचंय, आणि वाट जाते नकोशा माणसाच्या अंगणातून — तर काय कराल? थांबा, इतक्यात माना डोलवू नका! आधी ऐका.

भिकाजी धुरी. सुतार माणूस. डोंगराखाली घर, बायको गेलेली. एकुलती लेक यमू, लग्न होऊन नाशकात. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. बापलेकीचं सगळं बोलणं हातांनी! मग नुसता फोन काय कामाचा? बोटं दिसायला हवीत! म्हणजे घरात इंटरनेट हवं.

केबलवाला आला. म्हणाला, "काका, वायर टाकतो, पक्की चालेल. पण ती घाडींच्या परसातूनच आणावी लागेल."

"अनंत घाडीच्या? नको!"

शेजारी, पण आठ वर्षं बोलणं बंद! कशावरून? फणसाच्या एका फांदीवरून! हसताय? तुमच्याकडे फणस नसेल, पार्किंग असेल!

मग दुसरा आला, टॉवरवरून नेट घेणारी डबी घेऊन. "वायर नको, खांब नको, कुणाला विचारायला नको!" एवढं ऐकलं — आणि भिकाजीनं डबी घेतली! इथं रेंज येते का, हे विचारलंसुद्धा नाही! मधे अख्खा डोंगर! डबी कधी चाले, कधी गप्प. भिकाजी ती खिडकीत ठेवी, माळ्यावर ठेवी, हातात धरून अंगणभर फिरे.

यमूला नववा लागला. एका सकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा घाबरलेला. एक हात पोटावर ठेवला, दुसरा वर नेला — आणि चित्र थिजलं!

काय सांगत होती पोर? दुखतंय? बाळ हलत नाही? जावयालाही ऐकू येत नाही, विचारणार कसं? मेसेज लिहिला, तोही जाईना! भिकाजीचा पाय ठरेना. दोनदा घाडींच्या फाटकापर्यंत गेला, दोनदा मागे फिरला. वीस पावलं हो! तिसऱ्यांदा मात्र फाटक ढकललं.

"अनंता… यमूशी बोलायचंय रे."

अनंतानं काय करावं? फांदीचा विषय काढला? छे! म्हणाला, "आण तो फोन, माझ्या वायफायचा पासवर्ड घालतो. आणि आधी बस."

कॉल लागला! यमू हॉस्पिटलच्या खाटेवर. हातांनी सांगत होती — बाबा, ऑपरेशन करणार आहेत. भीती वाटते. भिकाजीनं छातीवर हात ठेवला — मी आहे. आत नेईपर्यंत तेच सांगत राहिला, पुन्हा पुन्हा.

दुपारी जावयानं बाळ दाखवलं. मुलगी! भिकाजी रडतोय, आणि शेजारी अनंत विचारतोय, "अरे, 'छान आहे' हे हातानं कसं सांगायचं? मला दाखव ना!"

आठवड्यात वायर आली. पण मंडळी, त्याआधी अर्धवट तुटलेली लेकीची बोलणी? ती आता कोण आणून देणार? डबी निवडली कुणी — भिकाजीनं, की त्याच्या रागानं?

आपणही रोज काहीतरी निवडतो. निवडताना आत कोण बसलेलं असतं? मला सांगू नका. आज देवापुढं हात जोडाल ना, तेव्हा त्याला सांगा — आणि मग चपला घालून, जिथं बोलणं बंद आहे, सरळ त्या घरी जा!