सही-शिक्क्याची नोटीस

बाळकुमच्या लसीकरण केंद्रावर रांगेत माझ्यापुढे पांढरी काठी घेतलेली एक मुलगी होती आणि तिच्यापुढे तिच्या सोसायटीचे सेक्रेटरी.

“योगिनी, काल आपल्या क्लबहाऊसमध्येच लस होती. मी व्यवस्था बघत बसलो, माझी राहिली. तू का नाही आलीस?”

“मला कळलंच नाही, काका.”

“ग्रुपवर नोटीस टाकलेली की!”

“नोटिशीचा फोटो टाकलेला. माझा फोन मेसेज वाचून दाखवतो. फोटो आला की नुसतं ‘फोटो’ म्हणतो.”

“अगं, मग शेजारी विचारायचंस.”

“कोरोनात दार कोण उघडतंय? घरात आईला दमा आहे, म्हणून आज इथे उभी आहे.”

“पण नोटिशीवर सही-शिक्का नको?”

“मारा ना शिक्का. फक्त फोटोखाली तेच टाईप करा.”

“मला टायपिंग जमत नाही गं.”

“मला तरी कुठे दिसतंय? माईकचं बटण दाबून बोला, फोन स्वतःच लिहितो.”

“सर्व सभासदांना कळविण्यात येते की... अरे, लिहिलं की याने!”

“छान. आता लॉकडाऊनपासूनच्या सगळ्या नोटिसा बोला. रांग मोठी आहे.”