ओमाहातली तारीख

नेब्रास्कातल्या आमच्या गावी, औषधांच्या दुकानात, रांगेत माझ्यापुढे दोन म्हाताऱ्या उभ्या होत्या.

"वर्ना, तुझा मर्ल गेल्याचं कळलं. इतकं अचानक कसं गं?"

"अचानक कसलं, डार्लीन? दोन आठवडे छातीत दुखत होतं."

"मग दाखवलं नाही?"

"दाखवलं की. डॉक्टर म्हणाले, हृदयाची तपासणी लगेच करा. पण आमच्या विम्यात पहिले सहा हजार डॉलर आपल्याच खिशातले. मग काय, यानं चार गावच्या इस्पितळांना फोन लावले. ट्रॅक्टर घेताना लावायचा तसे."

"स्वभावच तो त्याचा."

"विमावाल्यांचंच पत्रक होतं, आधी दर विचारा म्हणून. फ्रिजवर चिकटवलं होतं यानं."

"मग मिळालं स्वस्तात?"

"ओमाहाला, निम्म्या दरात. केवढा खूश होता! म्हणाला, बघ, दम धरला म्हणून जमलं."

"कधीची तारीख होती?"

"आजची. मघाशी फोन आला त्यांचा, अजून कसे पोचला नाहीत म्हणून."

"अगं बाई! काय सांगितलंस?"

"म्हटलं, ती वेळ दुसऱ्या कुणाला तरी द्या. एवढी स्वस्तातली, वाया नको जायला."