पहिलं शून्य

घरून काम करण्याचा एक तोटा म्हणजे आपलं बोलणं घरातल्यांना पाठ होतं. परवा पडवीत बसून मी फोनवर ऑफिसातल्या नव्या पोरीला झापत होतो.

"अगं, डेटा कुलूपबंद करणारी ही किल्ली म्हणजे एक अवाढव्य आकडा. तो शून्याने सुरू झाला की तुझा प्रोग्राम ते शून्य मोजतच नाही. मग लांबी कमी भरते आणि सर्व्हर किल्ली नाकारतो. पहिल्या शून्याला किंमत नसेना का, त्याची जागा धरायची!"

शेजारी आरामखुर्चीत बाबा होते. अर्धांगवायू झाल्यापासून ते नुसती पेज घेतात, बोलणं तर जवळजवळ बंदच.

फोन ठेवतोय तोच मासेवाली आली. "किती माणसांचे बांगडे देऊ?"

"तिघांचे. मी, बायको आणि मुलगी."

तिने टोपलीवरचं फडकं काढलं, तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. जड जिभेने एकेक शब्द ओढत बाबा म्हणाले, "पहिलं... शून्य... सोडलंस."

"तिघांचेच ना?" मासेवालीने विचारलं.

"चौघांचे दे," मी म्हटलं.

बाबांच्या वाट्याचा बांगडा शेवटी मांजरानेच खाल्ला.