बस भरायच्या आत

हॅलो? …हॅलो, मावशी? मुसोंडा बोलतेय. अगं कुठे आहेस तू? तुझं नाव तीनदा पुकारलं इथे दवाखान्यात… कासुबा, कासुबा, कासुबा! बाकावर नुसता तुझा चितेंगे पडलाय, तो कमरेला गुंडाळायचा, माशांच्या नक्षीचा निळा…

बसमध्ये? कुठल्या बसमध्ये? अगं, सातवा नंबर होता तुझा, सहावी आत होती!

काय राहिलं उन्हात? सुकी मासळी? मावशी, सुकी मासळी उन्हातच असते.

खरं सांग. …हं. …हं. कोण दिसली खिडकीतून? म्वाबा? हो, नर्स आहे ती. सोमवारी बदलून आली इथे. मला काय माहीत तू तिला बघून पळशील!

हो, हो… तिच्या लग्नाआधी तू तिची नाचिंबुसा होतीस. बारा शनिवार शिकवलंस तिला, नवऱ्याशी कसं वागायचं, संसार कसा करायचा, सगळं. …सगळं म्हणजे काय ते ठाऊक आहे मला. बाहेर बसवलं होतंस, तरी गाणी ऐकू येत होती.

आणि शिष्येनं नाचिंबुसाकडे मान वर करून बघायचं नाही, आणि आता तीच तुला तपासणार… हो. …हो, पाय फाकवून… मावशी, हळू! बसमध्ये आहेस तू!

बरं, किती सीट रिकाम्या आहेत? …चार. मग अजून हलत नाही तुमची बस. अगं ऐक ना.

उद्या नाही चालणार. ते शेकायचं यंत्र आज संध्याकाळी दुसऱ्या गावी जातं, परत येणार थेट पावसाळा संपल्यावर. …मागच्या महिन्यात तूच आत काडी फिरवून दिलीस ना तपासायला? त्यात तो विषाणू सापडला. कॅन्सर नाही गं, विषाणू! गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होऊ नये म्हणूनच तर बोलावलंय.

गोळी घेतेस, माहितीये. चौदा वर्षांत एक दिवस चुकली नाहीस, लग्नघरी ढोल थांबवून घेतेस, अख्ख्या लुआन्श्याला माहितीये. म्हणून तुझा एचआयव्ही झोपलाय. पण हा वेगळा विषाणू, ती गोळी याच्यासाठी नाहीच. आणि एचआयव्ही असलेल्या बाईत हा सहजासहजी हलत नाही, मुक्कामच ठोकतो. म्हणून तुम्हाला इतर बायकांपेक्षा लवकर लवकर बोलावतात.

काय करतात? व्हिनेगर लावतात, मिनिटभर थांबतात. डाग असला तर पांढरा दिसतो. शेकण्यासारखा असला तर तिथे तापलेली छोटी दांडी टेकवतात. अर्धं-पाऊण मिनिट. …पाळीत येतो तसा मुरडा येतो. …फसवत नाही गं. कधी फसवलंय मी तुला? …ते सातवीतलं प्रगतिपुस्तक सोड.

किती उरल्या? …तीन.

मावशी… आईचं आठवतं ना? पुरुष डॉक्टर आहे म्हणून दोनदा दारातून परत आली ती. तिसऱ्यांदा आत गेली तेव्हा शेकण्यासारखं काही उरलं नव्हतं. तुझी तर सख्खी बहीण… हो. …हो, मला पण. …नाही, रडत नाहीये, सर्दी आहे.

म्वाबाला? सांगितलं की आत्ता, तुला शोधत बाहेर आली तेव्हा. ती इथेच आहे, पाण्याच्या टाकीमागे माझ्याशेजारी. गुडघ्यांवर बसलीये, पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये, चिखलात. टाळ्या वाजवतेय, ऐक… आल्या ऐकू? तुला नमस्कार. …नाही, मान खालीच आहे.

ती विचारतेय, नाचिंबुसानं नियम मोकळा करावा म्हणून काय द्यावं लागतं? …बशी. झाकलेली. बरं, बशीत काय? …थांब, डबा बघतेय ती. भाजलेले शेंगदाणे, आणि दोन उकडलेली अंडी. …जोडीच लागते? मग बरोबर आहे. तीन होती, एक मघाशीच खाल्लं तिनं.

आणि अजून एक. तू टेबलावर असशील, ती बुटक्या स्टुलावर. तिला विचारलं मी, स्टूल टेबलापेक्षा चांगलं चाळीस सेंटिमीटर खाली आहे! म्हणजे गुरू वर आणि शिष्या खालीच… हसलीस! ऐकलं मी, हसलीस!

काका? हो, सहा आठवडे लांब राहायचं त्यांनी. …मी सांगू? मी?! नवऱ्याला थोपवायचं कसं हे या गावातल्या सगळ्या नवऱ्यांच्या बायकांना कुणी शिकवलं?

किती? …एकच सीट? अगं मग उतर! …शेवटच्या रांगेत, खिडकीशी? तू पण ना! सगळ्यांना उठव. …कंडक्टरला म्हणावं, नाचिंबुसा उतरतेय, गप्प बस.

कोण विचारतंय? शेजारची? …तीही गोळीवर आहे? पंचविशी ओलांडली ना? मग चालेल की. …पुढची पण? बरं. …आणि तिची जाऊ? अगं बस आहे की काय आहे ती! …ये, सगळ्यांना घेऊन ये. कंडक्टर ओरडू दे. भरलेली बस रिकामी झाली तर ओरडणारच तो.

हो, हात धरेन मी तुझा. …नाही बघणार. भिंतीकडे तोंड करून उभी राहीन, शप्पथ.

बशी? झाकली. तुझ्याच चितेंगेनं. …हो, शेंगदाण्यांसकट. …नाही गं, कुणी एकही नाही उचलला.

कुठवर आलात? …कुठलं फाटक? …अगं मावशी, मग फोन कशाला लावलायस कानाला? दिसतेस तू मला!

ठेव.