बुडालेल्या गावाचा पुरावा

नेटवरच्या त्या ज्ञानकोशाचं नाव काढू नका माझ्यापुढं! कुणीबी उठावं अन् त्यात लिहावं. आमचं जुनं गाव येलदरी धरणात गेलं, नवं वर माळावर वसलं. कुण्या शहाण्यानं तिथं लिहिलं, 'हे गाव बुडाले, आता अस्तित्वात नाही.' मी दुरुस्त केलं. त्यानं पुसलं अन् वर मलाच विचारलं, "पुरावा?"

"अरे, मी राहतो हितं!"

"तुमचं राहणं पुरावा होत नाही. छापील दाखवा."

डोस्कंच फिरलं. पुढं एका पेपरवाल्यानं तेच वाचून बातमी छापली. आता त्या पानाखाली पुरावा म्हणून तीच बातमी लावलीय!

अन् तो पेपर रोज सकाळी येतो कुठं? त्याच बुडालेल्या गावात, माझ्या दारात!