चाल विनफ्रीडकडे

एबरहार्ट : ...म्हणून अध्यक्ष या नात्याने मी जाहीर करतो, की वार्षिक सभेची गणसंख्या पूर्ण आहे.

लोरेन्झ : तिघंच उरलोत, तिघंही एका बाकावर. बाक तेवढं अपूर्ण आहे.

एबरहार्ट : खजिनदारांनी परवानगी घेऊन बोलावं. विषय एकच. आपलं पुरुष गायन मंडळ विसर्जित करणे.

विनफ्रीड : माझा विरोध.

एबरहार्ट : मी अजून ठराव वाचलेला नाही, विनफ्रीड.

विनफ्रीड : वाच की. मग विरोध.

लोरेन्झ : अरे, परवा आल्फोन्सला पुरलं तेव्हा काय गायलो आपण? वरचा सूर त्याचा, आणि तो शवपेटीत. पाद्रीबाईंना वाटलं आपण घसा साफ करतोय. थांबून राहिल्या बिचाऱ्या, गाणं कधी सुरू होतंय म्हणून.

विनफ्रीड : पण गायलो ना? आजवर गेलेल्या प्रत्येक सभासदापाशी मी उभा राहून गायलोय. त्या कार्लसाठीसुद्धा, जो दरवर्षी माझ्या मळ्यात हातभर कुंपण सरकवायचा. आता माझी पाळी आली, तर मंडळच नाही?

लोरेन्झ : तुझी कसली पाळी? धडधाकट तर आहेस.

विनफ्रीड : डॉक्टरीणबाई तसं म्हणत नाहीत. म्हणाल्या, ऑक्टोबरात द्राक्षं तोडायला असाल. नाताळचं काही सांगवत नाही.

एबरहार्ट : हे विषयपत्रिकेवर नव्हतं.

लोरेन्झ : एबरहार्ट, गप बस जरा.

एबरहार्ट : नाही, म्हणजे... मला ठाऊक नव्हतं, विनफ्रीड.

विनफ्रीड : आता झालं ना ठाऊक.

एबरहार्ट : पर्याय निघतील. अंत्यविधीवाले हल्ली ध्वनिक्षेपक देतात. आपली जुनी ध्वनिफीत आहेच.

विनफ्रीड : तिच्यात मीच गातोय.

लोरेन्झ : मग निदान सूर तरी लागेल.

एबरहार्ट : नाहीतर महिला वृंदाला बोलावू. चांगल्या चाळीसजणी आहेत.

विनफ्रीड : त्या इंग्रजी गातात, टाळ्या वाजवत. माझ्या थडग्याशी टाळ्या?

लोरेन्झ : त्या आपल्यातच येणार होत्या, राजा. तुझी बायको अर्ज घेऊन याच दारात उभी होती. आपण म्हटलं, पुरुषांचं मंडळ पुरुषांचंच राहील. सूचक एबरहार्ट, अनुमोदक तू.

विनफ्रीड : आणि तू रे?

लोरेन्झ : मी तटस्थ. माझं ते कायमचंच आहे.

विनफ्रीड : माझी हेड्विग गेली तेव्हा त्याच बायका गायल्या. आपण काळे कोट घालून ओळीत उभे. ती सभासद नव्हती, म्हणून तोंड मिटून. मीसुद्धा.

एबरहार्ट : नियमच तसा होता.

विनफ्रीड : हो. मीच मोठ्यांदा वाचून दाखवला होता.

लोरेन्झ : अध्यक्षमहाराज, एक शंका. हा गेला की आपण दोघं. दोघांचं मंडळ कायदा मानतो का?

एबरहार्ट : नाही. किमान तिघं लागतात. आपण कळवलं नाही तर तीन महिने वाट बघून कोर्ट स्वतःच मान्यता काढून घेतं.

लोरेन्झ : मग ठराव कशाला हवा? कळवायचंच नाही. पुरायला काही तीन महिने लागत नाहीत.

एबरहार्ट : हे नियमात बसतं. आश्चर्य आहे, पण बसतं.

विनफ्रीड : बसेल. पण चाल माझ्याकडे आहे. तुम्ही दोघं खर्जाचे. मागून नुसतं घुमणार, आणि पुढे कोणीच नाही.

एबरहार्ट : चाल मी घेईन.

लोरेन्झ : तू? तुझा आवाज वर चढायचा कसा?

एबरहार्ट : शिकेन. अजून वेळ आहे. म्हणजे, द्राक्षांपर्यंत तरी.

विनफ्रीड : मग उठा. तुम्ही उभे राहा, मी बसतो. त्या दिवशीही तुम्हीच उभे असणार.

(दोघे गातात. विनफ्रीड डोळे मिटून ऐकतो.)

एबरहार्ट : कसं वाटलं?

विनफ्रीड : दुसऱ्या ओळीला पळतोस. सावकाश घे. मला घाई नाही.